जुन्या लिंका मोडू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत 31 वर्षं काढलीत त्यामुळे वाचलेलं जपून ठेवायची खोड जुनीच. घरी कात्रणांच्या 6 वह्या आहेत, जुन्या डायऱ्यांमधे खळीने चिकटवलेल्या. मग मोबाईल आला, भाच्याने पॉकेट नावाचं अॅप घालून दिलं आणि सगळं त्यात जायला लागलं, बटण दाबलं की लेख आत, वाचायचा सवडीने. (सवड कधी मिळाली ते विचारू नका.) 2017 ला ते मोझिलाने घेतलं तेव्हा म्हटलं फायरफॉक्स ब्राउझरवाले आहेत, काळजी नाही. त्यांनीच 8 जुलै 2025 ला ते बंद केलं. यादी काढून घ्यायला मुदत दिली होती आणि मी ती काढलीही, पण हातात आलं काय तर लेखांची नावं आणि लिंका. लेख नाहीत. कपाटातली पुस्तकं गेली आणि नुसती कॅटलॉगची कार्डं उरली असं झालं.

गूगलनेही आपली बुकमार्कची, म्हणजे लिंका साठवून ठेवायची, सेवा 2021 मधे बंद केली होती म्हणजे हे पॉकेटचंच आहे असं नाही. फुकट आहे तोवर आहे.

आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात कशाला एवढं, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचं. मीही करून बघितलं. मराठी विकिपीडियाची लिंक पाठवली की तिचं %E0%A4 असलं काहीतरी लांबलचक होऊन बसतं, महिन्याने बघितलं तर कशाबद्दल होतं तेच कळत नाही, आणि वर दूधवाल्याचा हिशोब खाली वाढदिवसाचे फोटो.

मग ब्राउझरमधेच ठेवायचं ठरवलं आणि फोल्डर करत बसले. इथे लायब्ररीतली जुनीच अडचण आली. सातारच्या मोडी कागदपत्रांवरचा लेख ‘इतिहास’मधे घालायचा, ‘सातारा’मधे की ‘लिपी’मधे? पुस्तक एकाच फळीवर उभं राहू शकतं पण कार्डं त्याची तीन करता येतात, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 सालीच पुस्तकं विषयवार लावायच्या आपल्या कोलन वर्गीकरणात एका विषयाचे वेगवेगळे पैलू सुटे करून दाखवले होते, आता त्यालाच पोरं टॅग म्हणतात. फायरफॉक्समधे टॅग लावता येतात आणि वरच्या पट्टीत * टाकून शब्द लिहिला की फक्त बुकमार्क शोधतं. क्रोममधे टॅग नाहीत, म्हणून मी बुकमार्कच्या नावातच शब्द वाढवते, ‘मोडी सातारा पेशवाई कागदपत्र’ असं, फोल्डर फक्त चारच ठेवलेत. एक सांगते, शुद्धलेखन एकच ठेवा. मी एकदा निवडणूक आणि एकदा निवडणुक लिहून ठेवलं आणि अर्धी यादी सापडेचना.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉम्प्युटरवर कंट्रोल शिफ्ट ओ दाबते, तीन ठिपक्यांवरून एक्सपोर्ट करते, सगळे बुकमार्क एका फाईलमधे येतात, ती पेनड्राइव्हवर. कुठल्याही ब्राउझरला ती चालते. गंमत म्हणून नोटपॅडमधे उघडून बघा, पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल, तो ब्राउझर 2008 मधेच संपला पण त्याची फाईल अजून सगळे वापरतात.

पण लिंक जपली म्हणून पान राहत नाही ना. अमेरिकेतल्या प्यू रिसर्चने 2024 मधे सांगितलं की 2013 साली असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं 10 वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून महत्त्वाचा लेख असेल तर मी प्रिंटमधे जाऊन पीडीएफ करते, नाव देताना तारीख आधी, आणि वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधे पत्ता टाकून सेव्ह करते, तिथे तो दुसऱ्यालाही सापडतो. दोन मिनिटं जातात, पण जाऊ देत.

आता तुमच्याकडे येते. पॉकेटच्या यादीतल्या मेलेल्या लिंका तपासल्या तर त्यात मराठी दैनिकांच्या खूप निघाल्या. वेबसाईट नवीन केली की जुने पत्ते बदलतात आणि ‘पान सापडले नाही’ येतं, काही ठिकाणी तर सरळ पहिल्या पानावर नेऊन सोडतात, म्हणजे डॉक्टर गावाला गेलेत असंही सांगायचं नाही, नुसतं बाहेर बसवून ठेवायचं. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर पाठवायची सोय असते, भाचा त्याला रीडायरेक्ट म्हणतो, वेबसाईट बनवणाऱ्यांना ती नक्की माहीत असणार, फक्त त्यांना कोणी करायला सांगत नाही. तुम्ही सांगा. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचे जे लेख जुन्या फॉन्टमधे आहेत आणि आज नुसत्या खुणा दिसतात, तेही बदलून घेतले तर फारच बरं. माझ्या वहीतलं 1994 चं कात्रण पिवळं पडलंय पण वाचता येतं.

हे पत्र वेबसाईटवर घेतलंत तर त्याची लिंक मी बुकमार्क करणार आहे, पीडीएफसुद्धा करून ठेवते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा