तोच माळ कितव्यांदा जळाला, हे कोण मोजणार?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूलाच आमचं शेत. बांधापलीकडचा माळ लागोपाठ तीन उन्हाळे पेटला. पहिल्या वणव्यानंतर तरवड बुडख्यातून फुटला, नवरात्रात घटाच्या माळेपुरती फुलंही आली. दुसऱ्या वर्षी फूट गुडघ्याएवढी, फुलं नाहीत. तिसऱ्या वर्षी वाकून बुडखे चाचपले, तर बरेच नुसत्या हातानं उपटून आले. आत भुसा. विजारीला कुसळं तेवढी चिकटली.

वणवा लागला की किती हेक्टर जळालं ते लिहिलं जातं. तोच माळ कितव्यांदा जळाला, हा हिशेब मी कुठं पाहिला नाही. खरी मेख तिथंच आहे. झुडूप एकदा जळालं तर मुळात साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटतं. तो साठा भरून यायच्या आत परत आग आली, की फूट खुरटते, बी धरत नाही. मोकळ्या जागेत गवत माजतं, आणि ते वाळलं की पुढच्या वणव्याचं सरपण तयार. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात हे घडून गेलंय. तिथलं सेजब्रश नावाचं झुडूप जळाल्यावर बुडातून फुटत नाही. त्याची जागा चीटग्रास या परक्या गवतानं घेतली आणि आगी वाढल्या. आपला तरवड, बोराटी फुटतात. पण किती वेळा?

एवढ्या एका प्रश्नाचा अभ्यास सोलापुरात सुरू करा. उपग्रहानं टिपलेल्या आगींच्या नोंदी २००० सालापासूनच्या आहेत. गवताची आग लवकर विझते, त्यामुळे काही त्यांतून सुटतात. अशा सुटलेल्या आगींचं मेंढपाळांना विचारा, कुठला माळ कधी पेटला हे त्यांना तोंडपाठ असतं. न जळालेल्या, एकदा जळालेल्या आणि वारंवार जळालेल्या माळावर दहा बाय दहा मीटरचे चौकोन कायमचे आखा. दर सप्टेंबरात झुडपं मोजा, निदान दहा वर्षं. विद्यापीठ इथंच आहे, वनस्पतिशास्त्राची मुलं आनंदानं येतील.

तोवर एक विनंती. जळालेल्या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची झाडं लावू नका. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. त्यापेक्षा जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारीच्या आत काढून घ्या.

पाऊस सरल्यावर एकदा या. बुडखे मी दाखवतो.

आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातला एक शेतकरी