धनेशाच्या रानातल्या लेकीस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

स्टेशनवर मी नीट बोललो नाही. गाडी हलली तरी तुझ्याकडे न बघता पिशवी आवरत राहिलो. "बाबा, तू जन्मभर एकटाच हिंडलास ना?" हे तुझं म्हणणं खरंच होतं.

सेजोसाला पोहोचलीस, हे आत्याकडून कळलं. माझी मुलगी अरुणाचलात धनेश पक्ष्याच्या ढोलींवर काम करायला गेली, हे काल दूधवाल्यालाही सांगितलं. पक्के नावाचं तिथलं रान ८६२ चौरस किलोमीटर आहे. हत्तीच्या वाटेवर एकटी जाऊ नकोस. शिकार सोडून ढोली राखणारी निशी जमातीची माणसं तिथे आहेत, त्यांच्यापैकी कुणी सोबत असू दे. ओली लीद दिसली की मागे फिरायचं. वारा बघायचा. हे तुला ठाऊक आहे गं, राहू दे.

१९९६ च्या चैत्रात देवरुखच्या बाजूला एका देवराईत मी पहिल्यांदा गरुडाची ढोली पाहिली. महाधनेशाला तिकडे गरुडच म्हणतात. उंच बेहडा, आत मादी, ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त एक फट. नर दिसायच्या आधी ऐकू आला, वाफेचं इंजिन यावं तसा. मग घशातून एकेक फळ वर काढून फटीतून देत राहिला. मी सव्वीस मोजली. एका दिवसाचं सांगून गेलो होतो, तीन दिवस राहिलो.

तेव्हा तुझ्या आईला आठवा लागला होता. घरी आलो तर ती काही बोलली नाही, पाणी तापवलं. जेवताना एवढंच विचारलं, "तो नर परत आलाच नाही, तर आतलीनं काय करायचं?" मी सांगत बसलो, आत असताना तिची पिसं झडतात, लगेच उडता येत नाही, पिल्लाचे हाल होतात. वहीत काढलेलं चित्रही दाखवलं. ती काय विचारत होती ते मला परवा स्टेशनवरून घरी येताना कळलं.

ते असो. जळवांसाठी तंबाखूची पुडी डाव्या कप्प्यात आहे. दुर्बिणीचं उजवं भिंग सैल आहे, जपून फिरव.

रेंज मिळेल तेव्हा फोन कर, मी रात्री नऊपर्यंत फोनजवळच असतो. पिल्लू बाहेर पडलं की तारीख कळव, जुन्या वहीतच लिहीन. आणि पहाटे निघालीस तर हत्तीचं तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
बाबा