विरोधाला ‘खिलाफत’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात नगरपालिकेच्या सभेची बातमी वाचली. ‘सत्ताधारी नगरसेवकांनीच ठरावाची खिलाफत केली’, असे तिच्यात छापले आहे. त्यांनी ठरावाला विरोध केला, इतकेच सांगायचे होते. हिंदी वाहिन्यांवर ही चूक रोज ऐकू येते. आता ती मराठीतही मुरायला लागली, म्हणून हे पत्र.

खिलाफत म्हणजे खलिफाचे पद, त्याची सत्ता. विरोधाला शब्द आहे मुखालफत. घोटाळा होतो तो ‘खिलाफ’मुळे, आणि तो होणे साहजिकही आहे, कारण हे सारे एकाच घरातले शब्द. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून निघतात. इथे धातू आहे ख-ल-फ. ‘खल्फ’ म्हणजे मागे, पाठीमागे. मागून येऊन आधीच्याची जागा घेतो तो खलिफा. पैगंबरांच्या निधनानंतर इ. स. ६३२ मध्ये अबू बक्र खलिफा झाले ते याच अर्थाने, उत्तराधिकारी म्हणून. तबल्याच्या घराण्यातला ज्येष्ठ वारसही खलिफाच. त्याच धातूतून मतभेदाला ‘इख्तिलाफ’ आणि विरोधकाला ‘मुखालिफ’. जागेवर बसणारा आणि विरुद्ध जाणारा एका धातूत कसे नांदतात? दोघेही आधीच्याहून ‘दुसरे’ असतात, एवढा धागा मला तरी दिसतो.

गैरसमज मात्र शंभर वर्षांचा आहे. खिलाफत चळवळीच्या काळात खेड्यापाड्यांतले लोक ‘खिलाफत’ म्हणजे सरकारच्या खिलाफ, असेच समजत, असे नेहरूंनी लिहून ठेवले आहे. त्या भाबड्या अर्थाने चळवळीचे काही बिघडले नाही, उलट बळच मिळाले असेल! पण मागणी होती पहिल्या महायुद्धात हरलेल्या तुर्कस्तानच्या खलिफाचे स्थान राखण्याची. शाळेत हा धडा शिकवताना दरवर्षी निम्मा वर्ग ‘इंग्रजांची खिलाफत’ असेच उत्तर लिही. मुंबईत भायखळ्याला आजही खिलाफत हाऊस उभे आहे. विरोधाचा अर्थ धरला, तर त्या पाटीचे काय करायचे?

आणि गंमत पाहा, ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली ती इंग्रजांनी नव्हे, अंकाऱ्याच्या तुर्की संसदेनेच. इथल्या चळवळीच्या पायाखालची जमीनच गेली.

आपल्या वार्ताहरांना मुखालफत जड वाटत असेल तर ती लिहू नये. ‘विरोध’ हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे आणि जागाही कमी घेतो.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, परभणी