आज केस मोकळे कसे?

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर मी खोटं बोलते, म्हणून. फार मोठं नाही. "हो गं, कमी केलंय पळणं", "हो बाबा, हल्ली आतच पळते, मशीनवर", एवढंच. पण आठवड्याला एक म्हटलं तरी हिवाळाभरात बरीच साठली आणि आता पुढचं सांगताना मागचं काय सांगितलं होतं ते आठवावं लागतं. त्यापेक्षा लिहून मोकळी होते.

आई, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आज केस मोकळे कसे?" मी म्हटलं, "सहज." सहज नव्हतं. डाव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. एका हाताने केस बांधून बघ कधीतरी, जमत नाहीत. दुसरा हात मी अख्खा वेळ टेबलाखाली धरून बसले होते आणि तू मात्र बरोबर केसांवर बोट ठेवलंस. दादा म्हणतो, तुला सी.आय.डी.त घ्यायला हवं होतं.

झालं असं. सकाळचे सहा, गुडुप अंधार. आदल्या दुपारी जरा ऊन पडलं होतं, कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर पसरलं आणि रात्रीत गोठलं. पांढऱ्या बर्फाची मला भीती वाटत नाही, तो दिसतो, पायाखाली करकर वाजतो, बुटांना पकडही देतो. हा दुसरा, पातळ आणि पारदर्शक. तो दिसतच नाही, त्याच्याखालचं डांबर दिसतं, जरा ओलसर असल्यासारखं. वळणावर मला ओलसर डांबर दिसलं आणि मी निवांत पाय टाकला. पाय गेले पुढे, मी राहिले मागे. हात टेकला गेला आणि सगळं वजन त्या मनगटावर आलं. सांगायला लाज वाटते, पण पडल्यापडल्या मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे घड्याळ थांबवलं. पळणाऱ्यांची ही जातच अशी. हात दुखतोय हे नंतर लक्षात आलं.

मोडलं नाही, आई. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. मुरगळलं होतं, सूज होती. तीन आठवड्यांनी पट्टा निघाला. आता बरण्यांची घट्ट झाकणं उघडते आणि केसही बांधते. हे दोनदा वाचायची गरज नाही, यात काही लपवलेलं नाही.

ते तीन आठवडे मशीनवर पळाले, तेवढं मात्र खरं सांगत होते. पण मशीनवर पळणं म्हणजे शिक्षा आहे. वारा नसतो, त्यामुळे घाम वाळत नाही, टपटप गळत राहतो. समोर भिंत. चाळीस मिनिटं झाली असतील म्हणून बघावं तर अकरा झालेली असतात.

बाबा, तुमचा प्रश्न दरवेळी तोच, "एवढ्या थंडीत पळायचं अडलंय कशाला?" अडलंय ते शर्यतीमुळे. मॅरेथॉन वसंतात आहे, म्हणजे तयारीचे सोळा आठवडे नेमके हिवाळ्यात येतात. मागे तुम्ही विचारलं होतं की ४२ किलोमीटर ठीक, वरचे १९५ मीटर कुठून आले? तेव्हा मला माहीत नव्हतं, आता शोधून काढलंय. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. एका घराण्याच्या सोयीसाठी जगभरचे लोक अजून ते शेवटचे मीटर पळताहेत. तुम्हाला याचा राग येईल याची खात्री आहे, मला तर चाळिसाव्या किलोमीटरनंतर नक्की येणार.

माझा आठवडा साधा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी आठ-आठ किलोमीटर, शनिवारी सहा, रविवारी लांबचं. गेल्या रविवारी चोवीस झाले, बरोबर तीन तास लागले. म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं. "एवढं हळू?" असं बाबा म्हणणारच, तर हो, मुद्दाम हळू. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड म्हणून प्रशिक्षक होते. त्यांनी फक्त ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळायला लावलं. लोक हसले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्यांच्याच मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, दोन्ही एकाच दिवशी. आधी पाया, मग वेग. सावकाश पळून पळून स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, यांना मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. दम पुरतो आणि पोटरी कुरकुरते, ती यामुळेच.

वेग बरोबर आहे का हे बघायची परीक्षा अगदी सोपी आहे. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. माझी अडचण अशी की मी एकटी पळते. मग बोलणार कोणाशी? म्हणून तुमच्याशी बोलते. मोठ्याने. त्या अंधारात, तोंडातून वाफा काढत, "आई, आज उशिरा उठले गं", "बाबा, ऑफिसातलं ते प्रकरण मिटलं एकदाचं". रोज त्याच वळणावर कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा भेटतात. त्यांना मराठी कळत नाही, पण कौतुकाने मान डोलवतात. त्यांना वाटत असेल मी काही म्हणत जाते, स्तोत्र वगैरे. तर फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलते आणि रस्त्यावर खरं, अशी ही गंमत आहे. या पत्रातलं बहुतेक सगळं तुम्हाला आधीच सांगून झालेलं आहे, फक्त तुम्ही तिथे नव्हता.

आई, तुझी खरी काळजी कपड्यांची, ते मला माहीत आहे. दादाने सांगितलं की तू फोनवर माझ्या इथलं तापमान लावून ठेवलंयस आणि सकाळी उठल्या उठल्या ते बघतेस. त्यातला "जाणवणारं तापमान" हा आकडा बघत असशील तर मी तुला दोष देत नाही. उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला ते उणे २० सारखं लागतं. म्हणून मी निघताना वाऱ्याला तोंड देऊन निघते आणि येताना तो पाठीवर घेते. उलट केलं तर घामेजलेल्या अंगावर परतीचा वारा झोंबतो आणि दात वाजायला लागतात. एकदा केलं होतं, पुन्हा नाही.

अंगात तीन थर असतात. आतला घाम न धरणारा, मधला उबेचा, वरचा वारा अडवणारा. सुती काहीही नाही. तू पाठवलेले ते सुती बनियन मी घरात घालते, रागावू नकोस. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं. ओल्या कपड्यातून अंगाची ऊब भराभर निघून जाते, कारण पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. आणि दारातून बाहेर पडताना जरा थंडी वाजलीच पाहिजे, हे तुला पटणार नाही. वाजली नाही तर समजायचं की कपडे जास्त झालेत, दहा मिनिटांत अंग भट्टीसारखं तापणार. पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा मोठा भाग, चारातले तीन हिस्से तरी, उष्णताच होऊन बाहेर पडतो.

बाबांचं "निम्मी उष्णता डोक्यातून जाते" हे मात्र खरं नाही. डोकं अंगाचा जेवढा भाग आहे जवळपास तेवढीच जाते, दहा टक्क्यांच्या आसपास. पण आईचं "कान झाक" शंभर टक्के खरं. कान, नाक, बोटं हीच आधी बधिर होतात. तुझी लोकरी कानटोपी मी घालते, पण खरं सांगू? तिच्या टाक्यांमधून वारा शिरतो. त्यामुळे आत एक पातळ टोपी घालते आणि तुझी वरून. परत येईपर्यंत तिच्यावर पांढरी कणी जमलेली असते. माझ्याच घामाची वाफ बाहेर येऊन लोकरीच्या टोकांवर गोठते. पापण्यांवरही जमते, डोळे मिटले की क्षणभर चिकटतात. काढून खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर ठेवली की टोपीतून थेंब पडायला लागतात आणि खोलीभर ओल्या लोकरीचा वास येतो, तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यासारखा.

छातीत थंडी भरण्याचं भय बाळगू नका. नाकाघशातून जाताजाताच हवा गरम होते, फुप्फुसं गोठत नाहीत. त्रास होतो तो कोरडेपणाचा. थंड हवेत ओलावा कमी, त्यामुळे श्वासनलिका सुकते आणि परत आल्यावर थोडा वेळ खोकला येतो. दमा असणाऱ्यांना तो जास्त छळतो, मला दमा नाही. तोंडावर फडकं ओढते, ते श्वासाने ओलं होतं आणि मग पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, ही त्याची वेगळीच कटकट. पाण्याची बाटली उलटी धरून नेते, कारण बर्फ वरून धरायला लागतो आणि तोंड खाली असलं की निदान पिता येतं. हे मला कोणी शिकवलं नाही, दोन रविवार तहानलेली राहून शिकले.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. ग्रेटे वाइट्झ म्हणून नॉर्वेची एक शिक्षिका होती. शाळेच्या आधी, पहाटेच्या अंधारात, ओस्लोच्या थंडीत पळायची. १९७८ मध्ये नवऱ्याच्या आग्रहाने न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनला गेली. त्याआधी ती कधीच मॅरेथॉन पळलेली नव्हती. २ तास ३२ मिनिटं ३० सेकंदांत जिंकली, तेव्हाचा जागतिक विक्रम! आणि संपल्यावर पाय इतके दुखत होते की बूट काढून नवऱ्यावर भिरकावले म्हणे. पुढे तीच स्पर्धा आणखी आठ वेळा जिंकली. मला यातला बुटांचा भाग सगळ्यात आवडतो, तुलाही आवडेल. मी काही जिंकणार नाहीये. तीन आठवडे गेल्यामुळे साडेचार तासांचा विचारही सोडला, पाचात पोचले तरी खूप.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडलात ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दादाच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. आई फोनवर म्हणत होती, "बाबा झोपलेत", "बाबा बाहेर गेलेत". मी तेव्हा फार चिडले होते, दादावर ओरडलेही. आणि मग स्वतः पडले तर काय केलं? हात टेबलाखाली. तेव्हा चिडायचा माझा हक्क गेला, हे कबूल. पण दादा आता सांगतो की त्या दिवसापासून तुमचं फिरणंच बंद आहे. गुडघा बरा आहे, डॉक्टरांनी चाला म्हटलंय, तरी तुम्ही "उद्या बघू" म्हणता.

मला ते कळतं, बाबा. पट्टा निघाल्यावर पहिल्या दिवशी मी त्या वळणापर्यंत गेले आणि थांबले. डांबर अगदी कोरडं होतं. तरी पाय उचलेना. शेवटी चालत पार केलं, म्हातारीसारखं, पायाच्या बोटांनी रस्ता चाचपत. दुसऱ्या दिवशीही चालत. आठवडाभर मी ते वळण चालतच घेतलं आणि हे घड्याळात अगदी स्पष्ट दिसतं, रोज त्याच जागी वेग एकदम पडलेला. आता बुटांखाली खिळ्यांची जाळी चढवते, कपाळावर दिवा लावते, आणि रस्ता गोठलेला असेल तर खरोखरच मशीनवर जाते. तिथून फोटो पाठवीन, म्हणजे आईला पुरावा.

तर एक करार करूया. मी पळून आले की कुटुंबाच्या ग्रुपवर फक्त आकडा टाकीन, किलोमीटरचा. तुम्हीही टाका, पावलांचा, मिनिटांचा, फाटकापर्यंतच्या फेऱ्यांचा, तुम्हाला जमेल तो. बोलत बोलत चाला, आईला बरोबर घ्या, म्हणजे परीक्षाही आपोआप होईल. पडलो तर "पडलो" लिहायचं, त्याच दिवशी. आणि बाहेर पडावंसं वाटलंच नाही, तर तो दिवस गाळायचा नाही, शून्य लिहायचं. शून्यही मला चालेल.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, टोपी आणखी एक विणणार असशील तर टाके घट्ट घाल.