जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचं गिअर ऑइल कधी बदलायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात गाड्यांबद्दल जे येतं ते बहुतेक नवीन गाड्यांचं असतं, पण आमच्या वरुड-मोर्शीकडं दारात जी जुनी गाडी उभी आहे तिच्यावरच घर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबणं होईना, म्हणून मुलानं सेकंडहँड ऑटोमॅटिक डबल कॅबिन पिकअप शोधून दिली. घेतली तेव्हा मीटरवर ९० हजार होते, आज २ लाख २० हजारच्या वर आहेत. इंजिन ऑइल मी कधी चुकवलं नाही, दरवेळी समोर उभं राहून टाकून घेतलं. गिअरचं ऑइल मात्र एकदाही नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हणाला होता का ते लाइफटाइम असते, त्याले हात लावाचं काम नाही, आणि मी तेच धरून बसलो.

गेल्या मार्चात मृग बहाराची संत्री घेऊन काटोलमार्गे नागपूरच्या कळमना मार्केटला गेलो, मागं कॅरेट खच्चून भरलेले, डोक्यावर ऊन, मार्केटच्या बाहेर दीड तास लाइन, गाडी डी मध्येच (म्हणजे पुढं चालायच्या गिअरमध्येच) टाकलेली, दोन हात पुढं की ब्रेक, पुन्हा दोन हात की ब्रेक. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी डी टाकला तर गाडी जागची हलेना, दोन-तीन सेकंदांनी दचका मारून निघाली. चढावर आरपीएमचा काटा वर जायचा पण स्पीड तेवढाच.

गेज पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. लाल असायला पाहिजे ते कोऱ्या चहासारखं निघालं, वास जळका.

आता खरी पंचाईत इथं आहे. गावातला मिस्त्री म्हणे, "भाऊ, इतक्या किलोमीटरनंतर आता बदलवू नको, नवं ऑइल टाकलं का गिअर बसलाच समज." तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं मशीन लावून सगळं एका दमात फ्लश करा, म्हणजे जुनं सगळं ढकलून बाहेर काढून नवं भरा. दोघंही आपल्या जागी अनुभवी माणसं, ऐकायचं कोणाचं?

मी महिनाभर विचारपूस केली, गाडीचं पुस्तक पुतण्याकडून वाचून घेतलं. साध्या गिअरबॉक्समधलं ऑइल दात्यांना वंगण देतं, बस. ऑटोमॅटिकमधलं ऑइल चार कामं करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या भागात, इंजिनची ताकद तेच पुढं ढकलतं, त्याच्याच प्रेशरवर आतल्या क्लच प्लेटा दाबल्या जातात, गरमी तेच बाहेर नेतं आणि वंगण तर आहेच. लोड घेऊन हळूहळू सरकताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसर जास्त होते, ती सगळी ताकद गरमीत जाते. साधारण ८०-९० अंशाच्या वर दर १० अंशाला ऑइलचं आयुष्य जवळपास निम्मं होतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवाच ४४-४५ अंश, त्यात रेडिएटरच्या जाळीत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचा फुफाटा, मग गिअर ऑइल थंड होणार कुठून? पुस्तकात जड वापराचं वेगळं कोष्टक असतं, लोड, धूळ, गरमी, रांगेतली चाल, आणि तिथली मुदत बऱ्याचदा साध्या वापराच्या निम्म्यावर येते. आपण सगळे त्याच कोष्टकातले, पण ते पान कोणी उघडत नाही.

गावच्या मिस्त्रीची भीती खोटी नाही. प्लेटा आधीच झिजून घसरत असतील तर नवं ऑइल त्या भरून आणत नाही, आणि माणूस अशा वेळीच बदलायला जातो, मग नाव ऑइलचं होतं. म्हणून मी आधी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचा ऑइलचा डबा, खोलायला लावला. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा होता, तो चालतो. चकत्या किंवा तुकडे निघाले असते तर ऑइलवर एक रुपया घातला नसता, तो पैसा गिअरबॉक्स कामासाठी ठेवला असता.

फ्लश केलं नाही. बोल्ट खोलून निघालं तेवढं काढलं, मापून ४ लिटर, तेवढंच नवं भरलं, फिल्टर बदलला. माझ्या गाडीत एकूण ९ लिटरच्या आसपास बसतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहून जातं. म्हणून हजार-हजार किलोमीटरनं तेच तीनदा केलं. हिशोब सोपा आहे, पहिल्यांदा जुनं निम्म्याहून थोडं जास्त उरतं, तिसऱ्यांदा नंतर सहावा हिस्सा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या नंबरचंच आणलं, नागपूरहून मागवावं लागलं. दुकानदार "लालच आहे ना" म्हणून स्टीअरिंगवालं देत होता. लाल दिसलं म्हणजे एकच नसतं हो, डेक्सरॉन ३ आणि डेक्सरॉन ६ या ऑटोमॅटिक गिअर ऑइलच्या दोन नंबरांचा पातळपणासुद्धा वेगळा आहे.

लेव्हल पाहताना गाडी सपाट जागी, गरम आणि चालू पाहिजे, माझ्या गाडीच्या पुस्तकात तसंच आहे. जास्त भरलं तर फेस येतो आणि प्रेशर पडतं. आणि ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथंच बंद करा, रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलेलं असतं.

सकाळी डी टाकल्यावर गाडी निघायला लागायचा तो उशीर आता बराच कमी झालाय, पूर्ण गेला नाही. ९० हजारावर घेतली तेव्हाच बदललं असतं तर हा दिवस आला नसता असं मला वाटतं. आता मी ४० हजार किलोमीटर धरलेत, आणि दर संत्रा हंगामाच्या आधी फडक्यावर एक थेंब पाहतो.

संपादक साहेब, ऑटोमॅटिक गाड्या आता खेड्यात सेकंडहँड येऊन रायल्या, आणि पुस्तक इंग्रजीत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या गुरुजींकडून जड वापराच्या कोष्टकावर एक लेख मराठीत लिहून घ्या, आणि तो मार्चच्या आत छापा.

आपला,
एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती