बाबांच्या वीस सेकंदांचा हिशोब

शिकागो,
ऑगस्टअखेर, रविवार

ती. आई व ती. बाबांस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. अगदी पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. जेवते, झोपते, गुडघे जागेवर आहेत.

बाबा, ऑक्टोबरातल्या शिकागो मॅरेथॉनसाठी चाललेलं माझं पळणं तुम्ही फोनवर बघता हे मला माहीत होतं, पण वहीत मांडून ठेवता हे छोटूकडून कळलं! मेमध्ये किलोमीटरला साडेसहा मिनिटं, आता सहा-पन्नास, "पोरीला अशक्तपणा आलाय, रक्त तपासून घे." रक्त तपासायची गरज नाही. हवा तपासा.

आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी कसं गार होतं आणि त्याच महिन्यात चिपळूणला मामाकडे माठ नुसता ओला राहतो, पाणी कोमटच! माझा सध्या चिपळूणचा माठ झालाय. इथे उन्हाळ्यात हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, टपटप गळतो. नुसत्या गळणाऱ्या घामाने अंग निवत नाही, तो वाळला तरच निवतं. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि तोच वेग ठेवायचा तर छाती धडधडते. म्हणून मी आपणहून सावकाश पळते. इथले पळणारे नुसतं तापमान बघत नाहीत, दवबिंदूही बघतात, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं, तो आकडा. दोन्ही फॅरेनहाइटमध्ये घ्यायचे आणि बेरीज करायची. शंभरच्या आत असेल तर बिनधास्त पळा, दीडशेच्या पुढे गेली की वेग पाचेक टक्क्यांनी सोडा, एकशेऐंशीच्या वर जोरात पळायचंच नाही. ठोकताळाच आहे, पण कामाचा. गेल्या रविवारी ८० आणि ७५, बेरीज १५५. साडेसहा मिनिटांचे पाच टक्के काढा बाबा, तुमचे वीस सेकंद बरोब्बर निघतील. तीस किलोमीटरला दहा मिनिटं.

यवतेश्वरच्या घाटात तुम्ही मागून स्कूटरवर यायचात, तेव्हा चढावर दम लागला तर ओरडत नव्हतात. हवेचाही चढ असतो, दिसत नाही एवढंच. त्यात मिशिगन तळ्याकाठचा वारा. (तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही.) समोरून आला की जेवढं खातो, तेवढं परतताना पाठीवर येऊन देत नाही. सावकारी आहे. एकच बरं, दोनेक आठवडे उकाड्यात पळत राहिलं की शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. आणि ऑक्टोबरात सकाळी आठ-दहा अंश असले की हेच पाय सुटतात म्हणे.

आई, पहाटे अंधारात एकटी जात नाही. आम्ही सहाजणी असतो, रस्ता उजेडाचा आहे. आणि बाबांनी २००७ ची बातमी तुला कशाला वाचून दाखवली? त्या वर्षी ७ ऑक्टोबरला इथे ३१ अंशांपर्यंत पारा गेला आणि शर्यत मध्येच थांबवली, खरं आहे. पण आता वाटेत झेंडे लावतात. हिरवा, पिवळा, लाल, काळा. काळा लागला की शर्यत बंद. लाल दिसला तरी मी चालत येईन, शप्पथ. फी किती भरली ते मात्र विचारू नका.

एक गोष्ट सांगते, तुला पटणार नाही. शर्यतीच्या सकाळी थंडीत तासभर उभं राहावं लागतं, म्हणून लोक चांगले धडधाकट स्वेटर घालून येतात आणि सुटायच्या वेळी काढून कडेला फेकून देतात. फेकतात म्हणजे खरंच फेकतात. कुंपणावर, रस्त्यावर, जाकिटं, कानटोप्या, हातमोजे. काहीजण कचऱ्याच्या काळ्या पिशवीला तीन भोकं पाडून तीच अंगात घालतात, ती वाऱ्याला चालते. मागाहून माणसं येऊन कपडे गोळा करतात आणि गरजूंना देतात, म्हणजे वाया जात नाही. पण आपली बोहारीण इथे असती तर एका सकाळीत पातेल्यांचं दुकान रिकामं झालं असतं. तू विणलेला निळा स्वेटर मी नेणार नाही, काळजी नको. फेकायला म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानातून चार डॉलरला एक घेतलाय.

आता मुद्द्याचं. छोटूच्या साखरपुड्याला मी नाही येऊ शकत. रजा दहाच दिवस उरलीय, ती डिसेंबरात लग्नाला लागेल. हे खरं आहे. शर्यत त्याच रविवारी आहे, हेही खरं आहे. शर्यतीच्या सोडतीत माझा नंबर गेल्या डिसेंबरात लागला, तेव्हा तारीख ठरली नव्हती. छोटूला मी सांगितलंय, तो हसला. तुम्हाला फोनवर सांगायला जमलं नाही म्हणून हे पत्र. हॉलचे दीड लाख सोमवारी पाठवते, बाबा, परत करायचं नाव काढू नका. आणि काकू विचारतीलच, "मोठी अजून राहिलीय ना?" तर सांगा, राहिलीय. कराडच्या मुलाशी दोनदा बोलले, वाईट नाही, पण इतक्यात काही कळवू नका त्यांना.

मुहूर्त सकाळी अकराचा ना? माझ्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा असतील. व्हिडिओ कॉलवर मी जागी असेन. लवकर झोपायला हवं असं सगळे सांगतात, ते माझं मी बघेन. फक्त आईने फोन कोणाच्या तरी हातात नीट धरून द्यावा, मागच्या वेळी दोन तास मी छत पाहिलं.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, त्या दिवशी दर पाच किलोमीटरला माझी वेळ फोनवर दिसेल. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतील, पाहुणे गेलेले असतील. वही घेऊन बसा.