मॅगसल्फच्या कपाटाची चावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एएनएम, म्हणजे गावाकडची सरकारी नर्स होते, नोकरीची बरीच वर्षं सातपुड्यात गेली, आता रिटायर. महाराष्ट्रात लाख जन्मांमागे मातामृत्यू 33 आणि देशात 97 (2018-20) हे वाचून बरं वाटतं, पण ही सगळ्या राज्याची सरासरी झाली, पाड्यावरची बाई त्यात दिसत नाही.

एकदा रात्री दीडला आमच्या दवाखान्यात जीपमधून एक पहिलटकरीण आली, बीपी 170/110, टेबलावर घेता घेताच झटका, आकडीच. मी नुकतीच जिल्ह्याला 21 दिवसांचं ट्रेनिंग करून आलेली, मॅगसल्फ (झटक्यावरचं इंजेक्शन) 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5, मग रेफर, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण अँप्यूल असते एक ग्रॅमची म्हणजे दहा फोडायच्या, हे हातानं कधी केलंच नव्हतं. चौथीला काच बोटात घुसली. आणि त्याच्याही आधी कपाटाची चावी, ती फार्मसिस्टच्या घरी! दवाखान्यातली मावशी अंधारात पळत गेली. बाई वाचली, बाळ गेलं.

ट्रेनिंग वाईट होतं असं नाही हो, पण ते हॉलमध्ये, स्लाइडवर, शेवटी ग्रुप फोटो. आमच्याकडे सरावाची डमी पण आलेली, तिचं प्लास्टिक कुणी काढलं नाही कारण ऑडिटला नवीकोरी दिसायला हवी ना. खरी प्रॅक्टिस आपल्याच लेबर रूममध्ये पाहिजे, महिन्यातून एकदा, नाइटच्या स्टाफला घेऊन, आणि त्यात 108 चा ड्रायव्हर आणि मावशीसुद्धा.

बाळंतपणानंतर अंगावरून जास्त रक्त जातं तेव्हा तर अजून घोळ, रक्त आम्ही नजरेनं मोजायचो, ‘दोन कपडे भिजले, ठीक आहे’, आणि तोवर बाई पांढरी पडलेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कमरेखाली लावून रक्त मोजलं आणि पोटावरून मसाज, ऑक्सिटोसिन (रक्त थांबवायचं इंजेक्शन), सलाइन वगैरे सगळं एकदमच, वाट न बघता दिलं, तर गंभीर रक्तस्राव 60 टक्क्यांनी कमी झाला (2023). औषधं सगळी जुनीच आहेत. फक्त ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये लागतं आणि आमच्याकडची लाइट, ती तुम्हाला माहीतच आहे.

साहेबांनी हे वाचलं तर ट्रेनिंगचं नंतर बघा, आधी ती चावी लेबर रूममध्ये खिळ्याला टांगा.

एक रिटायर सिस्टर,
जि. नंदुरबार